गिरणीच्या जमिनीवर घरं बांधायची आहेत? मग आधी जेसीबी थांबवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळच्या एका गावात बंद पडलेल्या कापड गिरणीची नऊ एकर जागा जुन्या कामगारांच्या वारसांच्या गृहनिर्माण संस्थेने लिलावात घेतली, ‘जशी आहे तशी’ या अटीवर. साठेक घरं, अंगणवाडी आणि मुलांना मैदान असा बेत आहे. रंगखात्याच्या मागे खणलं की माती निळसर लागते. आतल्या विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे. एक ठेकेदार म्हणतो, पाडकाम फुकट करून देतो, भंगार आणि वरची माती माझी, वर दोन फूट मुरूम टाकून सपाटी करून देतो. संस्थेच्या सचिव असलेल्या ताईंनी विचारलं आहे : हे पत्करावं का? नसेल तर काय करावं, खर्च किती येतो, आणि त्या जागेत कधी परसबाग करता येईल का?

ताई, ठेकेदाराला नाही म्हणून कळवा, आणि लेखी कळवा.

माझं शिक्षण भूशास्त्राचं आणि काम बंद कारखान्यांच्या जमिनी तपासण्याचं, साफ करण्याचं. या कामातून एक मत पक्कं झालं आहे. गिरणी बंद पडल्यावर जमीन बाभळी आणि घाणेरीच्या झुडपांखाली वर्षानुवर्षं पडून राहते, त्या काळात तिच्यातली बरीचशी घाण जागच्या जागी असते. पावसागणिक थोडी खाली जाते, पण फार दूर जात नाही. ती पसरते पाडकामाच्या आठवड्यात. भंगारवाल्याला ट्रान्सफॉर्मरमधलं तांबं हवं असतं, म्हणून तो तेल तिथेच जमिनीवर सोडून देतो. बॉयलरच्या वाफेच्या नळ्यांवरचं पांढरं लिंपण हातोडीने झाडलं जातं. फर्नेस ऑइलची टाकी गॅसने कापतात आणि तळाचा डांबरासारखा गाळ जवळच्या खड्ड्यात लोटतात. शेवटी जेसीबी येतो आणि दोन-चार गुंठ्यांत साठलेली घाण बकेटने ओढून सगळ्या आवारावर सारखी पसरवतो. चार गुंठ्यांचं दुखणं दोन दिवसांत नऊ एकरांचं होतं. वरची माती ठेकेदार नेणार म्हणजे ती कुठल्या तरी प्लॉटमध्ये भराव म्हणून पडणार किंवा एखाद्या वीटभट्टीवर जाणार. ज्यांच्या दारात ती पडेल त्यांना कुणी काही सांगणार नाही.

मुरमाच्या थराबद्दल आणखी एक सांगतो, कारण ‘वर मुरूम टाकला की झालं’ हे मी फार वेळा ऐकलं आहे. मुरमातून पाणी झिरपतं. म्हणजे पाऊस अडत नाही आणि घाण खाली न्यायचं काम चालूच राहतं. त्याहून मोठी अडचण पायाची आहे. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून घराचा पाया खालच्या पक्क्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावाच लागतो. साठ घरांच्या पायाचे खड्डे, त्यात गटारं, पाण्याच्या लाइनी, शोषखड्डे. दोन फुटांखाली जे झाकलं म्हणता ते बांधकामाच्या पहिल्याच महिन्यात उकरून वर येणार, आणि ते हाताळणार कोण, तर बिगारी आणि गवंडी. त्यांच्या हातात मोजेही नसतात.

आता नेमकं काय कुठे असतं ते बघू. गिरणीचं सगळं आवार दूषित असतं ही समजूत चुकीची आहे, आणि ती महागात पडते. कापूस फोडायचा विभाग, सूत कातायचा विभाग, गोदामं, ऑफिस, मस्टरची खोली, यांच्याखाली सहसा विशेष काही सापडत नाही. छपराचे अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आणि लोखंडी कैच्यांवरचा शेंदरी शिशाचा रंग एवढं सांभाळायचं. खरी तपासणी पाच-सहा ठिकाणी लागते : बॉयलर आणि त्याच्या राखेचा ढीग, तेलाच्या टाक्या, ट्रान्सफॉर्मरचं आवार, मशीन शॉप, सुताला खळ लावायचं कांजीखातं, आणि सगळ्यात जास्त रंगखातं आणि तिथून निघणारी गटारं.

रंगखात्यावर जरा थांबतो. सुताला काळा रंग द्यायला सल्फर ब्लॅक, त्याच्या जोडीला सोडियम सल्फाइड. सल्फर आणि व्हॅट जातीचे रंग पक्के करायला बायक्रोमेट वापरायची पद्धत होती, आणि बायक्रोमेट म्हणजे सहा-संयुजी क्रोमियम. काळजीचं आहे ते हेच. साधं तीन-संयुजी क्रोमियम मातीला चिकटून बसतं. सहा-संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर चालतं आणि ते कर्करोगकारक आहे. याशिवाय कॉस्टिक, ब्लीचिंग पावडर, तांबं असलेले रंग. बेंझिडीनपासून बनणारे कित्येक रंग आपल्याकडे १९९० च्या दशकात बंद झाले. तुमची गिरणी त्याआधी चालू होती, तेव्हा तेही धरून चला. कांजीखात्यात बुरशी लागू नये म्हणून झिंक क्लोराइड, काही गिरण्यांत पेंटाक्लोरोफिनॉल मिसळत. मशीन शॉपमध्ये सुटे भाग धुवायला ट्रायक्लोरोइथिलीनसारखी द्रावणं असत. ती पाण्यापेक्षा जड, त्यामुळे विहिरीत तवंग दिसत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो.

ही ठिकाणं शोधायला यंत्राआधी माणसं गाठा. तुमची संस्था वारसांची आहे, हे तुमचं बळ आहे. बॉयलरवरचा फायरमन, रंगखात्यातला जॉबर, फिटर, रात्रपाळीचा वॉचमन यांच्यापैकी जे कुणी हयात असतील त्यांना आवारात घेऊन या. रंगाची रिकामी पिंपं कुठे धूत, गटार तुंबलं की पाणी कुठे सोडत, राख कुठल्या बाजूला टाकत, हे त्यांना पाठ असतं. त्यांनी दाखवलेली प्रत्येक जागा सिटी सर्व्हेच्या नकाशावर मांडा. मग कागद जमवा : प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं, कारखाना निरीक्षकांकडचे आराखडे, टाक्यांचा स्फोटक विभागाचा परवाना, बॉयलरची नोंद. जमिनीखाली टाकी होती की नव्हती हे परवान्यावरून कळतं, आणि खड्डा घेताना ते माहीत नसणं धोक्याचं आहे.

अशाच एका रंगखात्यामागे घेतलेल्या चाचणी खड्ड्यात काय दिसलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या निळसर मातीचा उलगडा होईल. वर हातभर विटांचा चुरा आणि राख. त्याखाली काळी माती, अगदी स्वच्छ वाटणारी, ढेकूळ फोडलं तरी आत काळंच. पण खड्ड्याची भिंत खुरप्याने तासली तेव्हा वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीच्या निळ्या-जांभळ्या रेघा दिसल्या. त्या उन्हाळ्यातल्या भेगा. एप्रिल-मेमध्ये काळी माती कंबरभर खोल भेगाळते, तेव्हा गटाराचं पाणी मधल्या मातीला न भिजवता भेगांतून थेट खाली उतरतं, आणि पावसात माती फुगून भेगा मिटल्या की रंग आत अडकतो. खड्ड्याच्या तळाशी, जिथे काळी माती संपून मुरूम लागतो, तिथे रंग आडवा पसरला होता आणि ओढ्याच्या बाजूला उतरत गेला होता. वरच्या फूटभर मातीचा अहवाल तिथे निर्दोष आला असता.

म्हणून नमुने घेताना खोलीचा आग्रह धरा : वरची वीतभर माती वेगळी, मग अर्धा मीटर, एक मीटर, आणि काळी माती व मुरूम जिथे भेटतात तिथला एक नमुना हमखास. नऊ एकरांवर सारखे चौकोन आखून सगळीकडे सारखेच नमुने घेणं मला पटत नाही. दोन तृतीयांश नमुने जुन्या माणसांनी दाखवलेल्या जागांवर, उरलेले बाकी आवारात विखरून. आणि पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एक नमुना करायचा नाही. एका जागी किलोमागे १००० मिलिग्रॅम असेल आणि चार जागी काहीच नसेल, तर कालवलेल्या नमुन्याचा अहवाल २०० म्हणेल, आणि खराब जागा कागदावरून नाहीशी होईल. तेल आणि द्रावणांसाठीची माती काचेच्या बरणीत, काठोकाठ भरून, बर्फाच्या पेटीत. प्लास्टिकच्या पिशवीत नेलेल्या नमुन्यातून द्रावण वाटेतच उडून जातं. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी, आणि ज्या तपासण्या सांगाल त्यांना मान्यता आहे ना हे त्यांच्या यादीत बघून घ्या. क्रोमियम एकूण आणि सहा-संयुजी असं दोन वेगळ्या आकड्यांत मागा. ट्रान्सफॉर्मरच्या आवारातल्या मातीत पीसीबी, म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असणारं विषारी, टिकाऊ रसायन, तपासा. पीसीबी असलेल्या उपकरणांच्या वापराला केंद्राच्या २०१६ च्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख दिली होती. तुमच्याकडे ट्रान्सफॉर्मर अजून उभा असेल तर तेलाचा नमुना घेतल्याशिवाय तो हलवू देऊ नका.

अहवाल हातात आला की आणखी एक घोळ होतो, आणि तो आपल्या मुलखातला आहे. आपली माती काळ्या पाषाणापासून झालेली. या खडकात क्रोमियम, निकेल, तांबं, व्हॅनेडियम मुळातच भरपूर. शेजारच्या उसाच्या रानातली, कधीच गिरणी न पाहिलेली माती तपासली तरी किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या घरात क्रोमियम निघू शकतं. अहवालासोबत परदेशी मर्यादांचा तक्ता जोडलेला असतो, त्यात हे आकडे लाल रंगात येतात आणि गावात घबराट पसरते. उलटही होतं : ‘आपल्याकडे सगळीकडेच असं असतं’ म्हणून खरं दूषण झटकलं जातं. दोन्ही टाळायला आवाराबाहेरचे चार-पाच नमुने, त्याच खोलीचे, त्याच जातीच्या मातीचे, त्याच प्रयोगशाळेत द्या. तीच तुमची मोजपट्टी. पाण्याचंही तसंच. मिरज, वाळवा, पलूस या भागांत जादा पाण्याने खारावलेल्या जमिनी पुष्कळ आहेत. विहिरीचं पाणी खारट लागलं एवढ्यावरून रंगखात्याला दोष देता येत नाही. सोडियमसोबत रंग, क्रोमियम, सल्फाइड असं काही सापडलं तर गोष्ट वेगळी.

आता तुमची विहीर. तवंग आहे म्हणजे हलकं तेल पाण्यावर येऊन बसलंय. ती उपसू नका. पंप लावून पातळी खाली ओढली की तेल भोवतालच्या खडकाच्या फटींत खाली उतरतं, तिथे चिकटून बसतं, आणि आजूबाजूचं तेलही विहिरीकडे खेचलं जातं. बुजवूही नका, कारण आत काय चाललंय ते दाखवणारी तेवढी एकच खिडकी तुमच्याकडे आहे. पारदर्शक नळी हळूच सोडून तेलाचा थर किती जाड आहे ते मोजा, एकदा मेमध्ये आणि एकदा ऑक्टोबरमध्ये. पाणी वर-खाली झालं की थर बदलतो. एकाच मोसमातला आकडा फसवतो. तेल वरच्यावर काढून पिंपात भरायचं आणि वापरलेलं तेल म्हणून परवानाधारक संस्थेकडेच द्यायचं. आवाराच्या उताराच्या बाजूला ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांचं पाणी पहिल्याच फेरीत तपासा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. एखाद्या विहिरीचा आकडा त्यावर गेला तर त्या घराला त्याच दिवशी सांगा आणि टँकरची सोय करा. अंतिम अहवालाची वाट बघायची नाही.

बोअर मारायचा विचार सध्या मनातून काढून टाका. आपल्याकडे वरच्या ढिल्या भागापुरती केसिंग टाकतात आणि खाली दोन-तीनशे फूट उघडा खडक असतो. दूषित जागेत असा बोअर म्हणजे वरच्या घाणीला खालच्या पाण्यात उतरायला केलेली मोकळी वाट. गिरणीचे जुने बोअर असतील तर ते शोधून सिमेंटच्या लगद्याने तळापासून वरपर्यंत भरून घ्या. दगड-माती टाकून बुजवलेला बोअर बुजलेला नसतो.

साफसफाईची पद्धत दूषणाच्या जातीवर ठरते. एकच पद्धत सगळ्याला लागू पडते असं सांगणाऱ्या कंपनीला दारात उभं करू नका.

तेलकट मातीचं काम आवारातच होतं, आणि मला ते मनापासून आवडतं, कारण ते आपल्या हवामानाला मानवतं. खाली प्लास्टिक किंवा कोबा, भोवती बांध. त्यावर मातीची कंबरभर उंचीची लांब रास, आणि राशीवर ताडपत्री. काळी माती दाबून बसते आणि आत हवा जात नाही, म्हणून बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, मिसळायचा. तो सांगलीत मिळायला अडचण नाही. थोडा युरिया, थोडं सुपर फॉस्फेट. दर दोन-तीन आठवड्यांनी रास पलटायची. ओल इतकीच की मुठीत दाबली तर माती एकत्र राहावी, पाणी ठिपकू नये. तेल खाणारे जीवाणू बहुतेक मातीत आधीच असतात. विशेष चिवट तेल असेल तर टेरी या संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ऑइलझॅपरसारखं जीवाणूंचं मिश्रणही मिळतं. डिझेल आणि साधं मशीन ऑइल काही महिन्यांत उतरतं. घट्ट फर्नेस ऑइलला दोन उन्हाळे लागू शकतात, आणि टाकीच्या तळाचा गाळ या राशीत घालायचाच नाही.

धातूंचं असं होत नाही. जीवाणू धातू खाऊन संपवत नाहीत. सहा-संयुजी क्रोमियमला हिराकस (फेरस सल्फेट) घालून तीन-संयुजी रूपात आणता येतं, म्हणजे ते मातीत बसून राहतं. पण रंगखात्याच्या मातीत कॉस्टिक मुरलेलं असतं, अशा अल्कधर्मी मातीत हिराकशीतलं लोह क्रोमियमपर्यंत पोचण्याआधीच साक्यात बसतं. म्हणून आधी तुमचीच माती घेऊन प्रयोगशाळेत बादलीभर प्रयोग करून प्रमाण ठरवायचं. नंतर झिरप-चाचणी, म्हणजे मातीतून किती धातू पाण्यात सुटतो त्याची तपासणी, महिन्याने एकदा आणि एक पावसाळा गेल्यावर पुन्हा. ती दुसरी चाचणी करारात घालून घ्या, नाहीतर कुणी करत नाही.

मोहरी, सूर्यफूल किंवा वाळा लावून धातू शोषून घेण्याबद्दल तुम्ही वाचलं असेल. सौम्य दूषण असेल आणि हाताशी वेळ असेल तर उपयोग होतो, घरं बांधायच्या घाईत होत नाही. आणि ते पीक जनावरांपुढे जाऊ नये यासाठी कुंपण आणि राखण दोन्ही लागतात.

अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे पाण्याने भिजवून, बोल्ट काढून, न फोडता उतरवायचे आणि जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळायचे. नळ्यांवरचं लिंपण त्याहून घातक, कारण त्याचा भुगा लगेच उडतो. ते काम प्रशिक्षित माणसांकडूनच, चांगल्या दर्जाचे मास्क लावून. तुमच्या संस्थेतली तरुण मुलं श्रमदानाला तयार होतील, त्यांना या दोन कामांपासून लांब ठेवा.

काही माती मात्र उचलून न्यावीच लागेल. झिरप-चाचणीत लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर क्रोमियम किंवा शिसं निघालं तर २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ती घातक कचऱ्यात जाते. आपल्याला जवळचं केंद्र पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव, म्हणजे अडीचशेहून जास्त किलोमीटर. खर्चाचा प्रश्न इथेच येतो. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. त्यावरची फक्त फूटभर माती काढली तरी साधारण १२३० घनमीटर, वजनाने दोन हजार टनांच्या आसपास, सोळा टनी डंपरच्या सव्वाशे खेपा. नऊ एकरांचा असा हिशेब करून बघा, संस्था बुडेल. म्हणून तपासणीवर हात आखडू नका. तपासणी नीट झाली तर बाहेर न्यायची माती काही गुंठ्यांपुरती उरते. प्रत्येक खेपेला फॉर्म १० ची पावती बनते, तिची एक प्रत केंद्राकडून सहीनिशी परत आली पाहिजे. ती फाइल संस्थेच्या कपाटात ठेवा, ठेकेदाराच्या नको.

घरं कुठे आणि मैदान कुठे, हा आराखडा अजून पक्का केला नसेल तर करू नका. अहवाल आल्यावर नकाशा मांडायचा. सूतखात्याची आणि गोदामांची जागा घरांना, अंगणवाडीला सगळ्यात निर्दोष तुकडा. लहान मूल मातीत बसतं, हात तोंडात घालतं, त्याच्यासाठी मोजपट्टी सगळ्यात कडक हवी. साफ करूनही थोडं उरलेला भाग वाहनतळ, रस्ता, पाण्याच्या टाकीची जागा असा वापरता येतो. तिथे झाकण घालायचं तर ते नीट : खाली पाणी अडवणारा थर, त्यावर भडक रंगाची जाळी, म्हणजे उद्या कुणी खणलं तर त्याला कळावं, आणि वर स्वच्छ माती किंवा काँक्रीट. नुसत्या काळ्या मातीचं झाकण नको, ते मेमध्ये भेगाळतं.

किती साफ म्हणजे साफ, हा आकडा काम सुरू होण्याआधी मंडळाकडून लेखी घ्या. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला आणि मातीत किलोमागे २० मिलिग्रॅम पारा चालेल की चालणार नाही यावर पुढे वर्षानुवर्षं भांडण चाललं. भोपाळला कारखान्याच्या आवारातला ३३७ टन कचरा पीथमपूरच्या विल्हेवाट केंद्रात हलवायला जानेवारी २०२५ उजाडलं, आणि तिथली माती आणि भूजल हा विषय त्याच्याही पलीकडे शिल्लक आहे.

कायद्याची बाजू आता पूर्वीपेक्षा बरी आहे. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे केंद्राचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करून जागा दूषित आहे की नाही ठरवायचं, जबाबदार कोण ते शोधायचं, आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्याने सोय करायची. यासाठी १८९ रसायनांच्या पातळ्या दिलेल्या आहेत. प्रत्यक्ष साफसफाई अमुक दिवसांत संपलीच पाहिजे असं बंधन मात्र त्यात नाही, तेव्हा पाठपुरावा तुमच्याच गळ्यात. आज करायचं ते एवढंच : संस्थेचा ठराव करा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला व मंडळाच्या सांगलीतल्या कार्यालयाला पत्र द्या. सोबत नकाशा, फोटो, लिलावाचे कागद, आणि आम्ही ताबा घेतला त्या दिवशी जागा अशीच होती ही नोंद. पोच घ्या. जमिनीला हात लावण्याआधीचं हे पत्र नसेल तर पुढे ‘हे तुम्हीच केलंत’ असं म्हणायला वाट मोकळी राहते.

पत्रात एक ओळ देण्यांबद्दलही घाला. तुमच्यापैकी काहींच्या वडिलांची ग्रॅच्युइटी अजून अडकलेली असेल. लिलावाच्या रकमेतून ती दिली जाणार असेल तर साफसफाईच्या खर्चाचं निमित्त करून ती कुणी रोखू नये. हे दोन वेगळे हिशेब आहेत. ज्या माणसांनी त्या रंगाच्या वाफेत उमेदीची वर्षं घालवली त्यांच्या पैशातून ती जमीन धुतली जाणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी मंडळाच्या बैठकांतही बोलतो.

वेळापत्रक पावसाभोवती बांधा. खणकाम दिवाळीनंतर सुरू, मे संपण्याआधी सगळे खड्डे बंद. जलसंपदा विभागाकडून निळी आणि लाल पूररेषा आपल्या गटावर कुठे येते ते काढून घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तुमची जागा नदीपासून लांब असली तरी ओढ्याच्या फुगवट्याने पाणी येतं. तेलकट मातीची रास, पिंपं, बांधून ठेवलेले पत्रे हे सगळं त्या पातळीच्या वर ठेवा. रिकामी केलेली जमिनीखालची टाकी तशीच सोडू नका, पाण्याने भरलेल्या जमिनीत ती तरंगून वर येते. काढून टाका किंवा वाळू-सिमेंटने भरा.

परसबागेचं विचारलंत. होईल, पण पहिल्या दिवशी नाही आणि जमिनीत थेट नाही. घरांच्या तुकड्यातही सुरुवातीला उंच वाफे करा, तळाला जाड कापड, वर बाहेरून आणलेली, तपासलेली माती. पालक, मेथी, मुळा, गाजर यांत धातू जास्त उतरतात, ती वाफ्यातच घ्या. आंबा, पेरू, शेवगा अशा झाडांच्या फळांत ते फार कमी जातात, ती स्वच्छ ठरलेल्या भागात जमिनीत लावायला हरकत नाही. पाणी नळाचं, विहिरीचं नको. दोन हंगामांनंतर पालक आणि मेथीच्या जुड्या मातीच्या नमुन्यांसोबत प्रयोगशाळेत द्या आणि शेजारच्या गावच्या बाजारातली एक जुडीही सोबत पाठवा, म्हणजे तुलना करता येईल.